खदानीनंतरचे गवत

दगड, कोळसा किंवा खनिज काढून संपले की मागे दोन गोष्टी उरतात : खड्डा आणि ढीग. खड्डा लोकांच्या डोळ्यांत भरतो, त्याचेच फोटो छापून येतात. पण जमीन पुन्हा हिरवी करायची म्हटली की खरी डोकेदुखी ढिगाची असते. कोळशाचा थर उघडा करायचा तर त्यावरची माती, तिच्याखालचा मुरूम आणि त्याखालचा खडक आधी उपसून बाजूला टाकावा लागतो. डंपर ज्या क्रमाने भरतात त्याच क्रमाने रिकामे होतात. त्यामुळे सगळ्यांत वरची माती ढिगाच्या तळाशी जाते आणि लाखो वर्षे अंधारात पडलेला खडक वर येऊन उन्हात तापत बसतो. चंद्रपूर-यवतमाळच्या कोळसाखाणींत आणि गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींत हे ढीग डोंगराएवढे झाले आहेत. खडवली, पडघा, टिटवाळा या बाजूला, म्हणजे कल्याण-भिवंडी तालुक्यांतल्या दगडखाणींत, ढीग छोटा आणि खड्डा मोठा. तिथे काढलेला दगड सगळाच खडी होऊन विकला जातो.

जमिनीचा जीव असतो वरच्या वीतभर मातीत. गवताचे बी तिथेच पडून असते, गांडुळे तिथेच असतात, हवेतला नत्र बांधणारे जिवाणू तिथेच असतात आणि मुळांना बिलगून राहणारी, त्यांना स्फुरद मिळवून देणारी बुरशीही तिथेच असते. या बुरशीला मायकोरायझा म्हणतात. ढिगावर वर आलेल्या खडकाच्या चुऱ्यात यातले काहीही नसते. सेंद्रिय अंश जवळपास शून्य, नत्र नाही, पाणी धरून ठेवणारे बारीक कण नाहीत. कोळशाच्या काही थरांत गंधकाची खनिजे असतात. त्यांना हवा-पाणी लागले की आम्ल तयार होते आणि ढिगातून झिरपणारे पाणी आंबट होते. अशा जागी पावसाळ्यात चार रोपे तग धरतात आणि मार्चमध्ये वाळून जातात.

म्हणून जमीन परत मिळवण्याचे काम खाण बंद झाल्यावर नव्हे, पहिला फावडा मारण्याआधी सुरू व्हावे लागते. वरची माती आधी खरवडून वेगळी रचायची आणि खोदून संपलेल्या भागावर शक्य तितक्या लवकर परत पसरायची. तीही फार काळ साठवून चालत नाही. ढीग उंच रचला तर आतली माती हवेवाचून गुदमरते, बी कुजते, बुरशी मरते. सर्वांत चांगली रीत म्हणजे आज नव्या तोंडावरून काढलेली माती आजच जुन्या, संपलेल्या तोंडावर नेऊन टाकणे. माती वेगळी ठेवण्याची अट १९८८च्या खनिज संवर्धन आणि विकास नियमांत होती, २०१७च्या नव्या नियमांतही आहे. ती कागदावर पाळणे सोपे आहे. प्रत्यक्षात मात्र वेगळी माती म्हणजे डंपरची वेगळी फेरी, वेगळी जागा आणि वेगळे डिझेल. कंत्राटदाराला हा खर्च कधीच आवडलेला नाही.

माती हरवलीच असेल तर काय करायचे, याचे महाराष्ट्रातले सर्वांत अभ्यासलेले उत्तर नागपूर जिल्ह्यात सापडते. सावनेर तालुक्यातल्या गुमगाव येथे ‘मॉइल’ कंपनीची मँगनीजची खाण आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस नागपूरच्या ‘नीरी’ने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, तिथल्या उजाड ढिगावर प्रयोग सुरू केला. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खड्डे घेऊन त्यांत साखर कारखान्यातला प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसातला गाळ, आणि माती यांचे मिश्रण भरले. रोपांच्या मुळांना नत्र बांधणारे रायझोबियम आणि अ‍ॅझोटोबॅक्टर हे जिवाणू लावले, मायकोरायझाची बुरशी लावली. प्रेसमडने पाणी धरले, जिवाणूंनी नत्राची सोय केली, बुरशीने मुळांची पोहोच वाढवली आणि जड धातूंचा त्रासही कमी केला. साग, शिसू, शिवण, कडुनिंब, बांबू अशी झाडे ढिगावर उभी राहिली. पुढे हीच पद्धत चंद्रपूरजवळच्या पद्मापूर कोळसाखाणीच्या ढिगांवरही वापरली गेली. यात यंत्र कोणतेही मोठे नाही. ज्या राज्यात साखर कारखाने इतके आहेत त्या राज्यात ही पद्धत प्रत्येक खाणीवर पोहोचायला हवी होती. ती पोहोचलेली नाही.

झाड लावण्याआधी ढिगाचा उतार आवरावा लागतो. डंपरमधून नुसता ओतलेला ढीग साधारण ३५ ते ३७ अंशांवर स्थिरावतो. विदर्भातल्या एका जोरदार सरीत त्याच्या अंगावर बोटभर रुंद ओघळ पडतात, ऑगस्टपर्यंत त्यांच्या घळी होतात आणि लावलेली रोपे मातीसकट पायथ्याच्या नाल्यात जातात. त्यामुळे कोळसाखाणींना पर्यावरणीय मंजुरी देताना ढिगाचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा, अशी अट घालतात. त्यासाठी पायऱ्या पाडायच्या, भोवतीने चर खणायचे, पाणी आधी गाळ बसण्याच्या तळ्यात घ्यायचे आणि मग नाल्यात सोडायचे. गोव्यात जास्त पाऊस असल्याने उतारावर काथ्याची जाळी अंथरतात. गवत मुळे धरेपर्यंत ती माती धरते, मग कुजून जाते.

गोव्यातच दुसरी एक गोष्ट शिकायला मिळाली. साखळी येथील ‘सेसा’ कंपनीच्या संपलेल्या खाणीवर मोठी लागवड झाली, खड्ड्यातल्या पाण्यात मासे सोडले गेले, बांबूची आणि फुलपाखरांची उद्याने झाली. देशात खाणीच्या पुनरुज्जीवनाचे उदाहरण म्हणून ती जागा दाखवली जाते आणि ते योग्यच आहे. पण राज्यातल्या इतर कित्येक ढिगांवर सरसकट ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली. ती नापीक जागेत झपाट्याने वाढते, दोन-तीन वर्षांत लांबून डोंगर हिरवा दिसतो. जवळ गेले की खाली जाड, लवकर न कुजणाऱ्या पानांचा थर असतो, त्यातून गवत येत नाही आणि तिचा पाला गुरे खात नाहीत. महाराष्ट्रात हीच भूमिका सुबाभूळ, निलगिरी आणि गुलमोहर यांनी कमीअधिक बजावली. याचे कारण सरळ आहे : झाडे मोजता येतात. अहवालात ‘इतकी हजार रोपे लावली’ असे लिहिता येते. गवताची गणती कशी करायची?

गवताचा हा प्रश्न अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ८ जानेवारी २०२० रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे, न्या. भूषण गवई आणि न्या. सूर्यकांत यांच्या खंडपीठाने ‘कॉमन कॉज’ प्रकरणात केंद्र सरकारला सांगितले की, खाणपट्टा देताना एक अट घालावी. खाणकाम संपल्यावर पट्टेदाराने खोदलेल्या आणि बिघडलेल्या सगळ्या जागेवर पुन्हा गवत लावावे आणि ती चारा, वनस्पती व प्राणी यांना योग्य करून द्यावी, अशी ती अट. गवत नसल्याने तृणभक्षी प्राण्यांना चारा मिळत नाही, हा मुद्दा न्यायालयाने स्वतः मांडला होता. बोबडे नागपूरचे आणि गवई अमरावतीचे. खाणी आणि गुरे दोन्ही शेजारी नांदणारा मुलूख दोघांच्या ओळखीचा. त्यानंतर आठवडाभरात पर्यावरण मंत्रालयाने ही अट मंजुरीपत्रांत घालण्याचे परिपत्रकही काढले.

गवत लावणे झाड लावण्यापेक्षा स्वस्त आहे. सोपे मात्र नाही. कोकण-ठाण्याच्या पावसात आणि मुरमाड उतारावर मारवेल, शेडा, पवन्या, डोंगरी आणि कुसळी ही गवते स्वभावतःच वाढतात. मारवेलचे ठोंब लावतात, बाकीचे बी पेरतात. बी हलके आणि केसाळ असल्याने वाऱ्याने उडते, म्हणून ओलसर मातीत किंवा वाळूत मिसळून पहिल्या पावसाच्या तोंडाशी वरवर टाकतात. खोल गेले तर उगवत नाही. बरोबर स्टायलोसारखे शेंगवर्गीय पीक टाकले तर जमिनीला नत्र मिळतो आणि चाऱ्याचा कसही वाढतो. कुसळी तर स्वतःची पेरणी स्वतःच करते. तिच्या बियाला मागे लांब, पीळ बसलेले कूस असते. दवाने ओले झाले की पीळ उलगडतो, उन्हाने वाळले की पुन्हा बसतो. असे फिरत फिरत टोकदार बी भेगेत रुतत जाते. हेच टोक गुरांच्या तोंडात आणि मेंढ्यांच्या कातडीत रुतते, म्हणून कुसळी फुलोऱ्यावर येण्याआधीच कापावी लागते. कोवळी असताना ती चांगला चारा असते, पिकल्यावर नुसता काडीकचरा.

मुळे धरेपर्यंत, म्हणजे किमान तीन पावसाळे, अशा जागेवर गुरे सोडता येत नाहीत. नव्या ढिगावर म्हशीच्या खुरानेही माती सुटते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने आपल्या डोंगरावर जी शिस्त लावली तीच इथे लागू पडते : चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, आणि गवत ज्याला हवे त्याने विळ्याने कापून डोक्यावर न्यायचे. बंदीचा पहिला फटका मात्र ज्याच्याकडे जमीन नाही, फक्त चार शेळ्या आहेत त्याला बसतो. कापून नेण्याचा हक्क त्याच्या नावाने आधी लिहिला गेला नाही तर कुंपण पहिल्या उन्हाळ्यातच तुटते. आणखी एक काळजी कोळसा आणि धातूंच्या खाणींपुरती घ्यावी लागते. मँगनीजसारखा धातू गवतात किती उतरला आहे, पानांवर धूळ किती बसते, हे तपासल्याशिवाय तो चारा दुभत्या जनावराला घालू नये.

अमेरिकेत आपल्या सरसकट झाडे लावण्याच्या अगदी उलटी चूक झाली. तिथे १९७७ साली उघड्या कोळसाखाणींच्या पुनरुज्जीवनाचा केंद्रीय कायदा झाला. ढीग घसरू नयेत म्हणून केंटकी आणि शेजारच्या राज्यांतल्या कंपन्यांनी जमीन बुलडोझरने दाबून घट्ट केली आणि वर परदेशी गवते पेरली. डोंगर हिरवे झाले, पण दाबलेल्या जमिनीत झाडाचे मूळ शिरेना, आणि जिथे पूर्वी दाट जंगल होते तिथे वर्षानुवर्षे गवतच राहिले. त्या मोकळ्या कुरणांचा उपयोग एका प्राण्याला झाला. १९९७ ते २००२ या काळात केंटकीने पश्चिमेकडच्या राज्यांतून दीड हजारांहून अधिक एल्क हरणे आणून सोडली. एकोणिसाव्या शतकात तिथून नाहीशी झालेली ही जात आता जुन्या खाणींच्या जमिनीवर चरते. पुढे २००४ पासून जमीन पुन्हा खोल फाडून देशी झाडे लावण्याची मोहीमही सुरू झाली. आपल्याकडे झाडांचा हट्ट, तिकडे गवताचा. दोन्हीकडे त्या जागेवर आधी काय होते हा प्रश्न उशिरा विचारला गेला.

चंद्रपूरचे प्रकरण वेगळे आहे आणि ते अनेकदा चुकीचे सांगितले जाते. दुर्गापूर आणि पद्मापूरच्या कोळसाखाणी ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवरच आहेत. वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड, या कंपनीच्या जुन्या ढिगांवर आणि औष्णिक वीज केंद्राच्या मोकळ्या जागांवर विलायती बाभळीचे गर्द रान माजले. तिच्या शेंगांवर आणि वस्तीच्या उकिरड्यावर रानडुकरे पोसली, मोकाट कुत्री वाढली. त्यांच्यामागे बिबटे आले, मग वाघही. २०२२मध्ये दुर्गापूर-ऊर्जानगर भागात वाघ आणि बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. ढिगावर वाघ दिसला म्हणजे खाणीचे जंगल झाले, असे छापणे सोपे आहे. प्रत्यक्षात ते आडोशाचे रान आहे. लपायला जागा आहे, चितळ-सांबराला गवत नाही, आणि शंभर पावलांवर माणसांची वसाहत आहे. वन्यजीवांसाठी पुनरुज्जीवन करायचे असेल तर खाणीच्या वस्तीकडच्या बाजूला नजर जाईल असे उघडे गवत हवे, आणि जंगलाकडच्या बाजूला सलग देशी झाडांची पट्टी, जेणेकरून प्राणी आले तसे परत जातील. त्याच कंपनीने नागपूर जिल्ह्यात सावनेरला इकोपार्क केला आणि २०१६ पासून पर्यटकांना खाण दाखवायला सुरुवात केली. बगीचा म्हणून तो छान आहे. ढिगाऱ्यांतली वाळू वेगळी काढून घरबांधणीला देण्याचे कंपनीचे काम मात्र जास्त मोलाचे म्हणावे लागेल. ढीग त्यामुळे उतरतो आणि नदीतली तेवढी वाळू वाचते.

दगडखाणीचे गणित आणखी निराळे. खडवली भोवतालचा सगळा मुलूख काळ्या बेसॉल्टचा. वर हातभर माती-मुरूम, खाली अखंड कातळ. मुंबई-ठाण्याच्या इमारती, रस्ते, आणि आता आमण्यापर्यंत येऊन २०२५मध्ये पुरा झालेला समृद्धी महामार्ग, या सगळ्यांना खडी लागते आणि ती लांबून आणणे परवडत नाही. म्हणून शहराच्या उंबऱ्यावरच्या टेकड्या आधी जातात. क्रशर हलला की मागे उभे कडे आणि मधोमध पाण्याने भरलेला डोह राहतो. काठ सरळ तुटलेला असल्याने त्यात पडलेले जनावर बाहेर येऊ शकत नाही, आणि दर वर्षी कुठल्या ना कुठल्या खदानीत पोहायला उतरलेली मुले बुडाल्याची बातमी येतेच. नंतर राडारोड्याचे ट्रक येऊ लागतात. शहराजवळचा रिकामा खड्डा फार दिवस रिकामा राहत नाही.

तरीही पक्ष्यांच्या दृष्टीने उभा कडा टाकाऊ नसतो. शृंगी घुबड पुण्याच्या आसपासच्या बंद दगडखाणींत नियमित वीण करते. घरटे असे काही नसतेच. कड्यावर दोन-तीन हात रुंदीची, वरून थोडी झाकलेली कपार मिळाली की मादी उघड्या मुरमावरच अंडी घालते, आणि खाली कपारीच्या पायथ्याशी उंदरांच्या हाडा-केसांच्या गोळ्या साचत जातात. वरच्या मऊ मुरमाच्या थरात वेडे राघू बिळे कोरतात, कातळाच्या भेगेत पाकोळ्या राहतात, आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले उंबर-पिंपळ भेगांत रुजतात. त्यामुळे जुन्या खदानीतला प्रत्येक कडा सुरुंग लावून सपाट करणे शहाणपणाचे नाही. एक बाजू तशीच ठेवावी, समोरची बाजू फोडून पाण्यापर्यंत उतरता येईल असा सौम्य घाट करावा. म्हशीलाही तोच लागतो, कोल्ह्यालाही तोच लागतो.

संपलेल्या दगडखाणीचे जंगल होऊ शकते याचा पुरावा गुरुग्रामचे अरवली जैवविविधता उद्यान देते. दीडशे हेक्टरांहून थोड्या मोठ्या या जागेवरच्या जुन्या खाणींत विलायती कीकर, म्हणजे आपली विलायती बाभूळच, माजला होता. २०१० पासून स्थानिक नागरिक आणि महापालिका यांनी तो हळूहळू काढून अरवलीतली देशी झाडे, झुडपे आणि गवते बीपासून वाढवून लावली. २०२२मध्ये त्या जागेला संरक्षित क्षेत्राबाहेरचे संवर्धन क्षेत्र म्हणून देशातली पहिली मान्यता मिळाली. त्यांचे मुख्य काम रोपवाटिकेत झाले : बाजारात मिळणारी रोपे न घेता आसपासच्या उरलेल्या जंगलांतून बी गोळा करायचे. खडवलीच्या बाबतीत असे बी शहापूर-मुरबाडच्या रानांत आजही मिळते.

पैशाचा प्रश्न मोठ्या खाणींबाबत निदान सोडवलेला तरी आहे. २००३ पासून खाण बंद करण्याचा आराखडा आधी सादर करावा लागतो. कोळशासाठी २००९च्या मार्गदर्शक सूचनांनी उघड्या खाणीला हेक्टरी ६ लाख आणि भुयारी खाणीला हेक्टरी १ लाख रुपये असा दर धरून ही रक्कम वार्षिक हप्त्यांनी बँकेतल्या वेगळ्या खात्यात अडकवून ठेवायला लावली. काम झाले की टप्प्याटप्प्याने परत. दगड, मुरूम, वाळू हे मात्र गौण खनिज. १९५७च्या खाण कायद्याच्या कलम १५ ने त्याचे अधिकार राज्यांना दिले, आणि महाराष्ट्राचे सध्याचे नियम २०१३चे आहेत. ‘दीपक कुमार’ प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजाच्या पट्ट्यालाही पर्यावरणीय मंजुरी लागेल असे सांगितले, तोवर लहान खदानी कोणाच्याच नजरेत नव्हत्या. आजही छोट्या पट्टेदाराची मुदत संपली, रॉयल्टीचा हिशेब मिटला की तहसील कचेरीच्या दृष्टीने प्रकरण बंद होते. खड्डा सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून राहतो.

ठाणे जिल्ह्यात हे परवडणारे नाही, त्याला कारण भातसा. भातसा धरणातून नदीत सोडलेले पाणी पिसे बंधाऱ्यावर उचलून पांजरापूरला शुद्ध होते आणि मुंबईच्या रोजच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा तेच उचलते. खडवलीला जी नदी सहलीच्या लोकांनी फुललेली दिसते तीच ही नदी. उघड्या मुरमावरून वाहणारा पहिल्या पावसाचा लाल गढूळ ओहोळ शेवटी तिलाच मिळतो. खोऱ्यातल्या प्रत्येक बंद खदानीभोवती गवत असणे ही गुरांइतकीच नळाच्या पाण्याचीही गरज आहे.

चाऱ्याला इथे गिऱ्हाईकही आहे. ठाणे-पालघरच्या माळांवरचे गवत दिवाळीनंतर कापायचे, वाळवून गठ्ठे बांधायचे आणि मुंबई-कल्याणच्या तबेल्यांना विकायचे, हा धंदा जुना आहे; कातकरी, ठाकूर, वारली मजुरांचा त्या महिन्यांतला रोजगार त्यावर चालतो. माळ प्लॉटिंग आणि गोदामांखाली गेले तसे गवत आटले. बंद खदानीभोवतीचा, सुरक्षेसाठी मोकळा सोडलेला पट्टा आणि उतरणीचा भाग हा निदान काही एकरांचा कापणीचा माळ होऊ शकतो. यातल्या काही जागा मुळात गावाच्या गुरचरण नोंदीतल्या. सार्वजनिक जमिनी गावाला परत द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘जगपाल सिंग’ प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी सांगितले, आणि त्यानुसार महाराष्ट्राने १२ जुलै २०११ रोजी गायरान-गुरचरणाचा शासन निर्णय काढला. गुरचरणावरची खदान संपल्यावर ती ग्रामपंचायतीकडे कोणत्या अवस्थेत परत यावी, काठ किती सौम्य, माती किती जाड, कोणते गवत, किती वर्षे चराईबंदी आणि तोवर कापणीचा हक्क कोणाचा, हे पट्ट्याच्या करारातच लिहून घेता येते. ग्रामसभेचा ठराव त्यासाठी पट्टा देण्याआधी लागतो, मुदत संपल्यावर नाही.